काठीवरचे हात

गावात म्हणतात, केझाया थ्रॉलला त्या दिवशी वेड लागलं होतं. म्हणू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण वेड नेमकं कुणाला लागलं होतं ते आधी नीट ऐका, आणि मग काय ते तोंड उघडा.

माझा नवरा अमोस नदीकाठच्या करवतीच्या गिरणीत कामाला होता. एक दिवस करवतीनं त्याचा उजवा हात मनगटापासून नेला. जखम चिघळली, ताप डोक्यात गेला, आणि हातामागून अमोसही गेला. पदरात दोन पोरं. ऑरिन थोरला, लायमन धाकटा. अमोसला पुरून घरी आले आणि त्याच दिवशी मनाशी ठरवलं, या पोरांचे हात त्या गिरणीला लागू द्यायचे नाहीत. पुस्तकाला लागू देत. माझी हाडं झिजली तरी चालतील, पण माझ्या पोरांचं एक बोट कमी होता कामा नये.

टेकडीवर टॉल्मन कॉलेज होतं. तिथं धंदा शिकवत नाहीत. ग्रीक, लॅटिन, गणित, तत्त्वज्ञान, चारचौघांत उभं राहून बोलायचं कसं, रात्री आकाशातले तारे ओळखायचे कसे, असलं सगळं शिकवतात. गिरणीतले लोक हसायचे, "ताऱ्यांनी काय पोट भरतं काय गं केझाया?" हसोत मेले. कॉलेजचे प्रमुख डॉक्टर स्टॅनिफर्ड दर वर्षी प्रार्थनामंदिरात उभे राहून सांगायचे, "आम्ही वकील घडवत नाही, इंजिनियर घडवत नाही. आम्ही माणूस घडवतो." खोटं कशाला बोलू, मला ते वाक्य फार आवडायचं. चुलीपाशी एकटी असले की मीच मला ते म्हणून दाखवायचे.

कॉलेजच्या फाटकासमोर मी खानावळ घातली. दोन लांब टेबलं. चुलीजवळचं दुसऱ्या वर्षाच्या पोरांचं, खिडकीजवळचं पहिल्या वर्षाच्या पोरांचं. शेवटच्या वर्षाचे चारदोन पोरगे कोपऱ्यात बसायचे आणि आपण फार मोठे झालो असं तोंड करून जेवायचे. सगळे मला थ्रॉलमावशी म्हणायचे. ऑरिन चुलीजवळच्या टेबलावर गेला, आणि त्या वर्षी लायमन खिडकीजवळच्या टेबलावर आला. दोन्ही पोरं टॉल्मनमध्ये! त्या सप्टेंबरात माझे पाय जमिनीवर नव्हते.

आता ही काठीची भानगड. पहिल्या वर्षाच्या पोरानं हातात काठी घेऊन फिरायचं नाही. का? तर नाही. काठी हे सभ्य माणसाचं लक्षण, आणि पहिल्या वर्षाचं पोर अजून माणसात जमा नाही. काठी पाहिजे तर ऑक्टोबरातल्या पहिल्या शनिवारी मैदानावर मिळवायची. मधोमध एक जाडजूड काठी. पहिल्या वर्षाची पोरं ती धरून उभी राहणार, दुसऱ्या वर्षाची पोरं त्यांच्यावर तुटून पडणार. पिस्तूल वाजलं की सुरू, पुन्हा वाजलं की बंद. मग शेवटच्या वर्षाचे पंच ढिगाऱ्यातून एकेक पोर उचलून बाजूला काढणार, आणि काठीच्या लाकडावर कुणाचे हात जास्त ते मोजणार. ज्यांचे जास्त ते जिंकले. आणि एक नियम असा, की ज्याचा हात लाकडावर आहे त्याला मोजून होईपर्यंत कुणी हलवायचं नाही. हलवलं की हात सुटतो आणि मोजणी बिघडते.

आदल्या संध्याकाळी काकवी घालून भाजलेला घेवडा आणि काळा पाव वाढत होते. खोलीत नुसता गोंधळ. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना अंगाला चोळायला चरबी हवी होती, म्हणजे धरलं तरी निसटतात.

"मावशी, चरबीचा डबा कुठाय?"

"तुझ्या अंगात काय कमी चरबी आहे का रे? गप जेव."

खिडकीकडची पोरं खिदळली. त्यांनी हाताला चोळायला राळ आणून ठेवली होती, पकड सुटू नये म्हणून. चुलीकडून एक ओरडला, "हसा हसा! उद्या याच मावशीच्या वाडग्यातून तुम्हाला पेज भरवायची पाळी येणार आहे!" त्यावर खिडकीकडून पावाचा तुकडा आला आणि ऑरिनच्या कपाळावर बसला.

"कुणी मारला?" ऑरिन म्हणाला.

"मी," लायमन म्हणाला. "समोरच्या दाताची खिडकी उघडी दिसली म्हणून नेम धरला." मागच्या वर्षी याच झुंजीत ऑरिनचा पुढचा दात पडला होता. दोन्ही टेबलं हसली, ऑरिनही हसला. हसताना ती फट दिसायची आणि मी तोंड फिरवायचे.

जेवणं झाल्यावर लायमन भांडी पुसायला आत आला. म्हणाला, "आई, मला मधे ठेवलंय. काठीच्या मधोमध. सगळ्यांत खाली."

मी थाळी खाली ठेवली. "तूच का?"

"माझ्यासारखी पकड कुणाची नाही म्हणून. सगळ्यांनी मिळून ठरवलं." त्याच्या तोंडावर असा आनंद की जणू राज्य मिळालं. बारीक चणीचा पोरगा, पण लहानपणापासून शेजारच्या गायी पिळून हात लोखंडासारखे झाले होते.

"जायचं नाहीस तू."

"नाही गेलो तर चार वर्षं इथं तोंड कसं दाखवू? तूच सांग. आधीच म्हणतात, खानावळवालीचं पोर."

त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि मीच थाळ्या पुसायला लागले. तो गेला तसं मी ऑरिनला मागच्या दारी गाठलं. "हे बघ, तू दुसऱ्या वर्षाच्या बाजूचा असशील नाहीतर चंद्राच्या बाजूचा. उद्या संध्याकाळी मला तुम्ही दोघं या टेबलावर जेवायला बसलेले हवेत. बाकी मला काही ठाऊक नाही."

"आई, दर वर्षी होतं. एखादा हात मोडतो, एवढंच."

"एवढंच? हातापायीच तुझा बाप गेला!"

त्यानं बुटाचा चिखल पायरीवर घासला. मग म्हणाला, "बरं. खाली दबला तर मी स्वतः त्याला बाहेर ओढून काढीन. झालं?"

"शपथ घे." त्यानं घेतली.

तरी जिवाला चैन पडेना. शनिवारी सकाळी प्रार्थना सुटली तशी मी डॉक्टर स्टॅनिफर्डना पायरीवर अडवलं. एप्रनला हातही पुसले नव्हते.

"डॉक्टरसाहेब, ही झुंज बंद करा. पाऊस पडून मैदानाचा चिखल झालाय. पोरं गुदमरतील."

ते हसले. फार गोड हसायचा तो माणूस. "थ्रॉलबाई, मुलं आईच्या पदराखाली वाढत नाहीत."

"पदराखाली नकोत, पण मातीखालीही नकोत."

"लढाईत याच कॉलेजची मुलं तोफांपुढे उभी राहिली, ती इथल्याच मैदानावर तयार झालेली. तिथं पंच आहेत, नियम आहेत. नियम पाळायला शिकणं हेच तर शिक्षण." टोपीला हात लावला आणि चालू लागले. पालथ्या घड्यावर पाणी.

मैदानाभोवती दोरी बांधली होती. दोरीबाहेर सगळा गाव, मास्तरलोकांच्या बायका छत्र्या घेऊन, जत्रेला यावं तशा आलेल्या. डॉक्टरसाहेब आपल्या घराच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले, तिथून मैदान छान दिसायचं. मधोमध पहिल्या वर्षाची पोरं जुनी जाड जाकिटं घालून एकमेकांना खेटून उभी. लायमन त्यांच्या पोटात कुठंतरी होता. मला त्याचे नुसते केस दिसले.

पिस्तूल वाजलं. दुसऱ्या वर्षाची पोरं डोकी खाली घालून बैलासारखी धावत आली. पहिली टक्कर झाली तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. लाकूड फोडताना होतो तसाच, फक्त ओला. पुढची रांग कोलमडली, तिच्यावर मागची चढली, आणि बघता बघता सगळ्यांचा ढीग झाला. त्या ढिगाऱ्यातून हात, पाय, बूट बाहेर येत होते. कुणी कुणाच्या नाकावर टाच मारत होतं. एकानं दुसऱ्याचा कान दातात धरला होता आणि सोडत नव्हता. एक पोरगा रांगत बाहेर आला, तोंडातून रक्ताची लाळ, दात हातात घेऊन बघितला, खिशात टाकला आणि परत आत घुसला. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय जोम आहे ना मुलांत!" तिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं.

ढीग वाढतच गेला. मग मला ऑरिन दिसला. बाकीचे वरून उड्या टाकत होते, हा मात्र जमिनीलगत पालथा पडून, उंदीर बिळात शिरावा तसा पायांमधून आत सरकत होता. एकानं त्याच्या पाठीत गुडघा घातला तरी थांबला नाही. बूटसुद्धा आत गेले. मी म्हटलं, देवा, सापडू दे त्याला.

एकदाचं दुसरं पिस्तूल वाजलं. शेवटच्या वर्षाचे पंच आले. त्यांचा म्होरक्या गेरिश, माझ्याच कोपऱ्यात बसून जेवणारा. अंगावर काळा कोट, हातात स्वतःची काठी. वरची पोरं उचलून बाजूला टाकायला लागले. एकाचा हात उलटा लोंबत होता. एक बेशुद्ध. आणि मग तळातून ऑरिनची किंकाळी आली.

"याला उलटा करा! तोंड चिखलात आहे याचं! उलटा करा!"

पंचांनी ऑरिनला ओढून काढलं. त्याचे हात लाकडावर नव्हते, भावाच्या हातांवर होते. "तुझे हात मोजणीत धरत नाही, बाजूला हो," गेरिश म्हणाला.

"माझे नका धरू! त्याला उलटा करा, गेरिश, तो श्वास घेत नाहीये!"

"म्हणजे त्याचे हात सुटतील आणि तुम्ही जिंकाल. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

पहिल्या वर्षाची पोरंच ओरडायला लागली, "हलवू नका त्याला! दुसऱ्या वर्षाची लबाडी आहे! मोजा! आधी मोजा!" लायमनचे मित्रच ते, ज्यांनी त्याला मधे घातला. दोघा पंचांनी ऑरिनचे दंड मागे पिरगाळून धरले. तो लाथा झाडत होता, रडत होता, आणि लोकांना वाटलं हरतोय म्हणून रडतोय.

मी दोरीखालून आत घुसले. एका पंचानं अडवलं, "मावशी, मोजून होईपर्यंत आत यायचं नाही, नियम आहे." मी त्याच्या हाताला कडकडून चावले, तरी त्यानं सोडलं नाही, कमरेत धरून उचललंच मला. आणि गेरिश वाकून, काठीच्या टोकापासून, एकेका हातावर आपल्या काठीनं टिचकी मारत सावकाश मोजत होता. एक. दोन. तीन. लायमनच्या हातांपाशी आला, दोन टिचक्या मारल्या आणि पुढं गेला.

मोजून झालं, तर दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी वाद काढला. कुणाचीतरी दोनच बोटं लाकडाला लागली होती म्हणे, तो हात धरायचा का नाही. गेरिशनं जरा विचार केला. मग म्हणाला, "परत मोजतो." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिल्या वर्षाच्या पोरांचे दोन हात जास्त भरले, ती जिंकली. टोप्या आभाळात गेल्या. ओसरीवर डॉक्टरसाहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला धरणाऱ्यानंही टाळ्यांसाठी हात सोडले, तेव्हा मी धावले.

लायमनला उलटा केला. चेहरा निळाकाळा. नाकातोंडात चिखल गच्च भरलेला. मी बोटानं काढला, घशापर्यंत बोट घालून काढला, लहानपणी मातीचं ढेकूळ खायचा तेव्हा काढायचे तसा. अंग गरम होतं. छाती चोळली, पाठीत धपाटे घातले, नाव घेऊन शिव्या घातल्या. काठी त्याच्या हातातून सुटत नव्हती. गावातला डॉक्टर आला, कान लावून बसला आणि मग टोपी काढली. मी त्याला विचारलं, खरं सांगा. तो म्हणाला, "पहिल्या मोजणीला उलटा केला असता तर वाचला असता, बाई."

घरी आणला. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला, त्याच्याच जागी. पाणी तापवून मी त्याला धुवायला बसले. हात धुताना बघते तर उजव्या हाताची बोटं भलतीकडेच वळलेली, सुजलेली. हाडं आत करकरत होती. मी फडकं खाली ठेवलं.

"हे कुणी केलं?"

ऑरिन दाराशी उभा होता. म्हणाला, "मी."

मग सांगत सुटला. "अंधार होता आत. हात चाचपले, ओळखलेच. मी म्हटलं, लायमन, सोड, मी ऑरिन, मी तुला बाहेर काढतो. तो म्हणाला, माहितीय तू कोण ते, तू त्यांच्यातला. मी म्हटलं, आईची शपथ, सोड. तो हसला गं आई. म्हणाला, फसवू नकोस. मग त्याचं तोंड खाली दाबलं गेलं आणि बोलणं बंद झालं. मग मी बोटं उचकटायला लागलो. एकेक. मोडल्याचं हाताला कळत होतं. तरी सोडेना. मी आणखी जोर लावायला हवा होता."

त्याचे ते हात बघवेनात. अमोसचेच हात, रुंद पंज्याचे. दोन्ही हातांत धरले मी ते आणि त्याला म्हटलं, "तू मी सांगितलं तेच करत होतास. तुझा काही दोष नाही. ऐकतोयस का? तुझा नाही." तो लहान पोरासारखा हंबरडा फोडून रडला. मला रडू येईना. आत नुसती आग पेटली होती.

सोमवारी दफन होतं. सकाळीच कॉलेजची मंडळी घरी आली. डॉक्टर स्टॅनिफर्ड पुढं, मागं गेरिश, त्यामागं पहिल्या वर्षाची सगळी पोरं, काळे कपडे, कुणाचं डोकं बांधलेलं, कुणाचा हात गळ्यात. आणि गेरिशच्या हातात, मखमलीवर आडवी ठेवलेली ती काठी. धुवून पुसून तेल लावलेली. मधोमध चांदीचं कडं, त्यावर लायमनचं नाव. कधी करून घेतलं असेल ते कडं? रविवार तर प्रार्थनेचा, कामाला हात लावायचा नाही म्हणतात; यांना सुट्टी होती वाटतं.

डॉक्टरसाहेब टेबलापाशी आले. शवपेटीशेजारी उजवा हात टेकला, गोरापान, नखं कापलेला, अंगठीचा हात. बोलायला लागले. "थ्रॉलबाई, मृत्यू सगळ्यांनाच येतो. पण तुमच्या मुलानं शेवटच्या श्वासापर्यंत पकड सोडली नाही. त्याच्याच दोन हातांनी त्याचा वर्ग जिंकला. या कॉलेजला याहून अधिक काय शिकवता येईल? तो मुलगा म्हणून आला होता, आणि..." इथं त्यांनी डाव्या हातानं डोळे टिपले. "आणि माणूस होऊन गेला."

पोरांनी माना खाली घातल्या. दोघंतिघं मुसमुसत होती. गेरिशनं काठी माझ्यापुढं धरली.

मी घेतली. छान वजनदार होती. डॉक्टरसाहेबांनी पुढचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मी दोन्ही हातांनी काठी डोक्यावर नेऊन त्यांच्या त्या टेकलेल्या हातावर अशी हाणली की पेटी हलली.

काय ओरडला तो माणूस! गुडघ्यावरच आला. हात ओढून घ्यायला लागला, तोवर मी काठी आडवी त्या बोटांवर ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. अंगठी चेपली होती. रक्त टेबलाच्या फटीतून खाली ठिबकत होतं. पोरं किंचाळली. गेरिश "मावशी, मावशी" करत पुढं धावला.

ऑरिन मधे आला. सरपणाची कुऱ्हाड कधी उचलली होती त्यानं, मी पाहिलं नव्हतं. उगारली नाही, नुसती आडवी धरली.

"मागं हो, गेरिश," तो म्हणाला. "हात लाकडाखाली आहे. मोजून होईपर्यंत कुणाला हलवायचं नाही. नियम आहे ना?"

कुणी जागचं हललं नाही. डॉक्टरसाहेब माझ्याकडे वर बघत होते. तोंडाला फेस, डोळ्यांत पाणी. "बाई, सोडा," म्हणत होते, "देवासाठी सोडा, बाई."

मी वाकले आणि मोजायला लागले. सावकाश, गेरिशसारखी. अंगठ्यापासून. एक. दोन. प्रत्येक बोटावर माझं बोट टेकवून. तीन. मधलं बोट माझ्या लायमनचं वळलं होतं तसंच वळलं होतं. चार. पाच.

"झालं, मावशी," गेरिश रडत म्हणाला. "मोजून झालं. आता तरी सोड."

मी म्हटलं, "मधल्या बोटाचा वाद आहे. परत मोजते." आणि पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.